पूल हीटर: गॅस तिसऱ्यांदा विझला आणि इंधनाचा बेत बदलला

मंडळी, मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझ्या पोहण्याच्या पूलचं पाणी तापवायला इंधन ठरलं, एलपीजीच. ते मागे घेतोय. तीन रात्री जागून जे हाती लागलं ते सविस्तर लिहितो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांचं गाडं नेमकं इथेच अडतं.

पूल तोच: ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.४, म्हणजे ४५ हजार लिटर. एक अंश चढवायला ५२ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता. हीटर ६० किलोवॉटचा, त्यातली ८२ टक्के पाण्यात उतरते असं धरलं तर तासाला जेमतेम एक अंश. २० वरून २८ वर न्यायला साधारण ४० किलो गॅस. कागदावर सगळं जमत होतं.

पहिल्या रात्री एका मोठ्या सिलिंडरवर पेटवला. चाळीस मिनिटांत ज्योत गेली, लॉकआउट, म्हणजे हीटरने स्वतःला बंद करून घेतलं. अर्ध्या तासाने रीसेट केला तर पेटला आणि दहा मिनिटांत परत गेला. आधी फ्लो स्विचवर (पाण्याचा प्रवाह कमी पडला की हीटर बंद करणारा स्विच) संशय घेतला, म्हणून फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतला आणि बायपास, म्हणजे हीटर टाळून पाणी नेणारी वाट, थोडा आवळला. मग ज्योतीचा सेन्सर घासून लखलखीत केला. शेवटी रेग्युलेटरही बदलला. काडीचा फरक नाही. ज्यांच्याकडून हीटर घेतला ते म्हणाले, ‘गॅस खराब आहे, दुसरा सिलिंडर लावा.’ नवा सिलिंडर लावला की खरोखरच चालायचा, त्यामुळे मलाही ते पटलं. तिथेच फसलो.

शेवटी पारदर्शक नळी यू आकारात वाकवून फळीवर बसवली, रंगीत पाणी भरलं, शेजारी फूटपट्टी लावली आणि रेग्युलेटरच्या पुढच्या चाचणीच्या टोकाला जोडली. डिजिटल मीटर आहे माझ्याकडे, पण दाब कसा ढळतो ते या नळीइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही. पहिली पंचवीस मिनिटं पाणी जागचं हललं नाही. मग एकेक मिलिमीटर उतरायला लागलं. टॉर्च घेऊन सिलिंडरपाशी गेलो. खालच्या भागावर पांढरा थर जमला होता आणि त्याची वरची कड आखल्यासारखी सरळ होती. नखाने ओरखडा काढला तर बर्फाची पूड बोटाला लागली. ती कड म्हणजे आतल्या द्रवाची पातळी. हीटर बंद करून सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला, तर निम्म्याहून जास्त भरलेला!

म्हणजे गॅस खराब नव्हता आणि संपलेलाही नव्हता. तो पुरेशा वेगाने वाफ होत नव्हता. ६० किलोवॉटच्या बर्नरला तासाला ४.७ किलोच्या आसपास गॅस लागतो. तेवढा द्रव उकळायला जी उष्णता लागते ती सिलिंडरच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेकडून यावी लागते. हवा तेवढी देऊ शकत नाही, म्हणून द्रव स्वतःच थंड होत जातो आणि दाब पडतो. त्यात द्रव कमी होईल तसा त्याला टेकलेला पत्राही कमी होतो. शिवाय एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतील तर प्रोपेन आधी उडून जातो, कारण तो उणे ४२ अंशांना उकळतो. मागे राहतो तो ब्युटेन, शून्याच्या जरासा खालीच उकळणारा. बर्फाचा थर धरलेल्या सिलिंडरात तो हलायलाच तयार नसतो.

दुसऱ्या रात्री दोन सिलिंडर मॅनिफोल्डवर, म्हणजे एकाच जोडनळीवर, घेतले: पावणेदोन तास. तिसऱ्या रात्री चार. नळीतलं पाणी तासन् तास स्थिर होतं आणि मी पंपाशेजारी बसून दर अर्ध्या तासाला तापमान लिहीत होतो. २२, २३, २५. या छंदात इतका आनंद मला फार दिवसांनी झाला. पहाटे २७ झाले आणि हवा अगदी गार असताना, चारही सिलिंडर निम्मे भरलेले असताना, ज्योत गेली.

सिलिंडर गरम पाण्याने किंवा हीटिंग पट्ट्याने तापवायचा विचार कुणाच्या मनात आला तर कृपा करून तो तिथेच सोडा. द्रव गॅसची वाफ करून देणारं व्हेपोरायझर नावाचं खास यंत्र असतं, पण घरच्या पूलसाठी तो संसार मला नको.

खरा धक्का त्यानंतर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी २५ वर! एका दिवसात दोन अंश गेले कुठे? बादलीची चाचणी केली. पूलच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली आणि आतबाहेर दोन्हीकडे पातळीची खूण केली. चोवीस तासांत दोन्हीकडे सारखंच उतरलं, ५ मिलिमीटर. म्हणजे गळती नाही, निव्वळ बाष्पीभवन. ३२ चौरस मीटरवर ५ मिलिमीटर म्हणजे १६० लिटर, आणि लिटरमागे ०.६८ युनिट धरले तर १०८ युनिट. बरोबर दोन अंश. मी तीन रात्री हवा तापवत होतो.

दोन वर्षं कव्हर टाळलं, गुंडाळायचा कंटाळा म्हणून. आता ४०० मायक्रॉनचं बुडबुड्यांचं कव्हर अंथरलंय, बुडबुडे पाण्याकडे. रोजचा उतार १ मिलिमीटरवर आला, म्हणजे जेमतेम २२ युनिट. संध्याकाळी २७ असलेलं पाणी सकाळी २६.६! थर्मामीटर दोनदा बुडवून पाहिला.

आणि इथे इंधनाचा प्रश्नच बदलला. गॅसची ताकद म्हणजे चटकन तापवणं. ज्याला महिन्यातून दोनदाच पोहायचंय त्याला तो आजही योग्य. मला रोज पोहायचंय, म्हणजे मला वेग नको, टिकवण हवी. त्याला हीट पंपच. वीज उष्णता तयार करण्यात न जाता हवेतली उष्णता पाण्यात ढकलण्यात जाते. हवा उबदार असली की सीओपी, म्हणजे एक युनिट विजेमागे पाण्यात उतरणारी उष्णता, ५ पर्यंत मिळतो. १७ किलोवॉटचा घ्यायचं मनात होतं, पण वरचे आकडे लिहिता लिहिता लक्षात आलं की कव्हरसकट १२ पुष्कळ झाला. सुरुवातीच्या आठ अंशांना ३५ तास लागतील, लागू देत. तोही भर दुपारी चालवायचा, हवा गरम असताना. रात्री चालवला तर सीओपी उगाच पडतो.

लाकडाची शेगडी बाद: तिला थर्मोस्टॅट नाही, आणि फिरता पंप बंद पडला तर आतलं पाणी उकळायला लागतं. काचेविना सोलर पॅनेलचा मोह अजून आहे, पण पूलच्या पृष्ठभागाच्या निम्मं तरी क्षेत्र हवं आणि माझ्या छपरावर दुपारपर्यंत सावली असते.

जागाही बदलावी लागणार. गॅस हीटर आहे तो कोपरा तीन बाजूंनी बंद आहे. तिथे हीट पंप आपलीच सोडलेली गार हवा परत ओढत बसेल. म्हणून ओटा आता कुंपणाजवळ, समोर अडीच मीटर मोकळे ठेवून. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) क्लोरिनेटरच्या, म्हणजे पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्या यंत्राच्या, आधी बसवतोय, पंप थांबल्यावर तीव्र क्लोरीनचं पाणी एक्सचेंजरकडे (हीट पंपातला पाणी तापवणारा भाग) उलटं यायला नको म्हणून. एक्सचेंजर टायटॅनियमचाच घेणार, त्यात तडजोड नाही.

गॅस हीटर विकणार होतो, पण आत्ता लिहिताना वाटतंय, राहू दे. हंगामाच्या सुरुवातीला चार भरलेल्या सिलिंडरांवर एका रात्रीत २७ गाठायचं आणि पुढे हीट पंपावर सोडायचं. दोघांना समांतर जोडून मधे तीन व्हॉल्व्ह. पाइपचं रेखाटन आज रात्रीच बसून काढतो. इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करणारा) हीट पंप कुणी वर्षभर चालवला असेल तर कमी वेगावर त्याचा आवाज किती येतो तेवढं कळवा. नव्या ओट्यापासून झोपायची खिडकी सहा मीटरवर आहे.