साहेब आपल्या बाजूचे आहेत का?

२५ एप्रिल

आज औद्योगिक न्यायालयात तारीख होती. पुकारा व्हायला अडीच वाजले. तोवर माझे पक्षकार बाहेरच्या बाकावर बसून होते. अकरा वर्षं एकाच गेटातून आत जाणारी माणसं, पण कागदावर दर काही महिन्यांनी नव्या ठेकेदाराची नवी माणसं. त्यांच्यातले सगळ्यांत वयस्क काका जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हे नवीन साहेब कामगारांच्या बाजूचे आहेत का?"

मी म्हटलं, "काका, साहेब कागद बघतात. आपण आपले कागद पक्के करू."

"कागद तर सगळे कंपनीकडंच असतात," ते म्हणाले आणि परत बाकावर जाऊन बसले.

दिवसभर ते डोक्यातून जाईना. तारीख २५ एप्रिल असल्यामुळे तर जास्तच. १९७३ साली याच दिवशी शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश नेमल्याचं जाहीर झालं. आदल्याच दिवशी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला होता: राज्यघटनेचा मूळ ढाचा संसदेला बदलता येणार नाही. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. डावललेले तिघंही त्या सातांतले. तिघांनी राजीनामे दिले. लोकसभेत या नेमणुकीची बाजू सर्वांत ताकदीनं लढवली ती पोलाद आणि खाणमंत्र्यांनी, मोहन कुमारमंगलम यांनी. न्यायाधीश नेमताना त्याचा दृष्टिकोन काय, समाजाकडे तो कसा पाहतो, हे बघायचा सरकारला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या काकांचाच प्रश्न, पण मंत्र्याच्या खुर्चीतून विचारलेला.

गेले दोन महिने मी या माणसाविषयी मिळेल ते वाचते आहे. आज ठरवलं, लिहून काढायचं.

२६ एप्रिल

सुरुवात मुंबईतच झाली. १९६२ सालची एक अधिसूचना शोधताना सहज पाहिलं, त्या वर्षी महाराष्ट्राचे राज्यपाल कोण होते. पी. सुब्बरायन. एप्रिलमध्ये आले आणि ऑक्टोबरमध्ये पदावर असतानाच गेले. जेमतेम सहा महिने. हे कोण, म्हणून शोधत गेले आणि त्यांच्या मुलापाशी, याच मोहन कुमारमंगलम यांच्यापाशी येऊन थांबले.

सुब्बरायन म्हणजे तेव्हाच्या सेलम जिल्ह्यातल्या कुमारमंगलमचे जमीनदार. १९२६ ते १९३० मद्रास प्रांताच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख, स्वातंत्र्याच्या वेळी तिथले गृहमंत्री, पुढे नेहरूंच्या मंत्रिमंडळात. आई राधाबाई मंगळूरच्या सारस्वत घरातल्या, १९३०च्या गोलमेज परिषदेला गेलेल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक. राधाबाईंचे वडील कुडमुल रंगराव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी मंगळुरात अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, त्यापायी स्वतःच्या जातीचा बहिष्कार सोसला. मला वाटतं, मोहनच्या अंगातलं बंड या आजोबांकडून आलं आणि ऐट जमीनदारीकडून.

१ नोव्हेंबर १९१६ला लंडनमध्ये जन्म. शाळा ईटन, कॉलेज केंब्रिजचं किंग्ज. केंब्रिज युनियनचं अध्यक्षपद. मग बॅरिस्टर. असा मुलगा १९३९मध्ये परत येतो आणि कम्युनिस्ट पक्षात जातो. बहीण पार्वती ऑक्सफर्डला शिकलेली, तीही त्याच पक्षात. पुढे ती तीनदा कोइम्बतूरमधून लोकसभेवर निवडून गेली. मोठा भाऊ परमशिव भारताचा लष्करप्रमुख झाला. राज्यपाल, सेनापती, दोन कम्युनिस्ट, सगळे एका पंगतीला. ते घर कसं असेल, जेवताना काय बोलत असतील, याचा मी फार विचार करते.

कारण आमच्या घरात काय बोलत ते मला माहीत आहे. आमचं वतनदाराचं घर. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ उजाडला, कसणारे मालक झाले, आणि आमच्याकडे तो दिवस तेराव्यासारखा आठवला जाई. "कुळांनी खाल्लं" हे वाक्य मी बोबडं बोलायच्या आधीपासून ऐकलं आहे. ज्यांनी तीन पिढ्या आमची जमीन कसली, त्यांना ती मिळाली हे बरंच झालं, असं मी एकदा जेवताना म्हटलं. मी तेव्हा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. आजोबा ताटावरून उठले. त्यानंतर वारले तोपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. म्हणून मला ठाऊक आहे, आपल्याच ओसरीवर उभं राहून आपल्याच माणसांविरुद्ध बोलायला काय पडतं. मोहन कुमारमंगलम यांनी ते आयुष्यभर केलं. माझा त्यांच्यावरचा जीव तिथून आहे.

१ मे

कामगार दिन. सकाळी युनियनच्या कार्यालयात झेंडावंदन, मग महाराष्ट्र दिनाची सुट्टी.

हा दिवस कुमारमंगलम यांच्या खात्यानं मुद्दाम निवडला होता की नाही सांगता येत नाही, पण कोकिंग कोळशाच्या खाणी १ मे १९७२ला राष्ट्राच्या झाल्या आणि बाकीच्या कोळसा खाणी १ मे १९७३ला. आधी व्यवस्थापन ताब्यात घेतलं, ऑक्टोबर १९७१मध्ये आणि जानेवारी १९७३मध्ये, आणि मग मालकी. पहिल्या खेपेला २१४ खाणी, दुसऱ्या खेपेला ७११.

हे वाचताना मी रात्री दोनपर्यंत जागले होते. खासगी खाणवाले वरवरचा, हाताशी येणारा चांगला कोळसा उपसायचे आणि उरलेला थर कायमचा बिघडवून पुढे जायचे. कोळसा काढल्यावर पोकळीत वाळू भरायची असते, नाहीतर वरची जमीन खचते आणि आत हवा जाऊन आग लागते. वाळूला पैसे पडतात, म्हणून भरायचे नाहीत. धनबादजवळच्या झरियाच्या जमिनीखालची आग पहिल्यांदा १९१६मध्ये नोंदली गेली, म्हणजे कुमारमंगलम जन्मले त्याच वर्षी, आणि ती अजून धुमसते आहे. पोलाद करायला कोकिंग कोळसा लागतो, देशात तो मोजकाच, आणि तोच असा वाया जात होता. वेतन मंडळानं ठरवलेला पगार हातात नाही. भविष्यनिर्वाह निधी पगारातून कापलेला, पण भरलेला नाही. कितीतरी माणसांची नावं हजेरीपटावरच नाहीत.

हजेरीपटावर नाव नाही! पन्नास वर्षं उलटली. माझ्या बाकावरच्या माणसांचं गाऱ्हाणं तेच आहे.

खाणी सरकारी झाल्यानं सगळं आलबेल झालं असं नाही. धनबादमध्ये ठेकेदारांच्या आणि गुंडांच्या टोळ्या माजल्या. डिसेंबर १९७५मध्ये चासनाळाच्या खाणीत पाणी घुसून साडेतीनशेहून जास्त माणसं बुडाली, आणि ती खाण तेव्हा सरकारी व्यवस्थापनाखालीच होती. तरी ज्याचं नाव पटावर नव्हतं त्याचं नाव पटावर आलं, पगार ठरल्याप्रमाणे मिळू लागला, ही लहान गोष्ट मी मानत नाही. एका मंत्र्यानं दोन वर्षांत हे करून दाखवलं. खाणीवरच्या त्यांच्या पुस्तकात टनांचे, पगाराचे, थकबाकीचे हिशेब आहेत. एखाद्या चांगल्या वकिलाच्या लेखी युक्तिवादासारखं.

३ मे

आता अवघड भाग.

मला त्यांचं पक्ष बदलणं तितकंसं खुपत नाही. साठच्या दशकात त्यांचं मत झालं की पुरोगामी माणसांनी काँग्रेसमध्ये शिरून तिला डावीकडे वळवावं. १९६६मध्ये ते मद्रासचे ॲडव्होकेट जनरल झाले, मग काँग्रेसमध्ये गेले, १९७१मध्ये पाँडिचेरीतून निवडून आले. जुन्या सोबत्यांनी काय काय म्हटलं असेल ते म्हटलं असेल. माणूस मार्ग बदलतो.

खुपतं ते २५ एप्रिल. त्यांचा युक्तिवाद मी वकील म्हणून वाचला, आणि तो कच्चा नाही हे कबूल करावं लागतं. सरन्यायाधीश निव्वळ ज्येष्ठतेनं नेमू नये, असं विधी आयोगानंच १९५८च्या अहवालात म्हटलं होतं. त्या आयोगाचे अध्यक्ष कायदेपंडित एम. सी. सेटलवाड, आणि आता विरोधात उभे राहिलेल्यांतही सेटलवाड. कुमारमंगलम यांनी हा मुद्दा नेमका धरला. शिवाय न्यायाधीशाला दृष्टिकोन नसतोच, तो आभाळातून पडतो, असं कोण म्हणेल? बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७०मध्ये न्यायालयानं पाडला, संस्थानिकांचे तनखे थांबवणारा आदेशही त्याच वर्षी रद्द झाला. जमीनदाराच्या मुलाला मालमत्तेच्या हक्काची भाषा न्यायालयाच्या तोंडी ओळखू आली असणार. मलाही आली असती. ती माझ्या आजोबांची भाषा आहे.

पण हाच माणूस ब्रिटिश सरकारनं कम्युनिस्टांवर भरलेल्या १९४०-४१च्या मद्रास कटाच्या खटल्यात पी. राममूर्तींसोबत आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. सरकारशी ज्याचं मत जुळतं असा न्यायाधीश समोर बसला की खालून तो कसा दिसतो, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. मग तीस वर्षांनी सरकारनं आपल्या मताचा न्यायाधीश निवडावा, हे त्याच्या तोंडून कसं निघालं?

मी आठवडाभर याचं उत्तर शोधते आहे. जे सुचलं ते असं. वडील गृहमंत्री, भाऊ लष्करप्रमुख, पंतप्रधान इंदिराबाई तरुणपणापासूनच्या ओळखीतल्या. सत्ता म्हणजे त्यांच्या ओळखीतली, घरातली माणसं. तुरुंगात असतानाही ती परक्याची होती, म्हणून वाईट होती. आपल्या माणसांच्या हाती आली की ती चांगलं काम करील, यावर त्यांचा मनापासून विश्वास बसला. आपली माणसं उद्या बदलतील, किंवा तीच माणसं वेगळी वागतील, ही धास्ती ज्याला सत्ता नेहमी बाहेरूनच दिसली त्याला असते. माझे काका ती धास्ती घेऊनच बाकावर बसतात.

पुढे काय झालं ते आम्ही सगळे वकील पाठ म्हणू शकतो. २८ एप्रिल १९७६, जबलपूरचा खटला. आणीबाणीत पकडलेल्या माणसाला न्यायालयाचं दार वाजवता येणार नाही, असं पाचांपैकी चौघांनी म्हटलं. खंडपीठाचे प्रमुख रे. एकटे एच. आर. खन्ना विरोधात. आणि जानेवारी १९७७मध्ये खन्नांनाही डावललं गेलं. वाट एकदा मळली की तिच्यावरून कोणीही चालतं.

तरी त्यांना आरोपी करून फाइल बंद करावी, हे मला जमत नाही. ७११ खाणींतल्या माणसांनी साक्षीला यायला हवं मग.

३१ मे

आज त्यांचा दिवस. १९७३च्या ३१ मेच्या रात्री मद्रासहून दिल्लीला येणारं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग पालम विमानतळाजवळ धुळीच्या वादळात उतरताना कोसळलं. ६५ जणांपैकी ४८ गेले, त्यांत कुमारमंगलम. वय ५६. मंत्री होण्याआधी ते याच विमान कंपनीचे अध्यक्ष होते. २५ एप्रिलनंतर अवघे छत्तीस दिवस, दुसऱ्या १ मेनंतर तीस. आणीबाणी त्यांना दिसली नाही. ते असते तर कुठे उभे राहिले असते, हे मी कितीदा तरी मनात घोळवलं. पार्वतीच्या शेजारी, की तुरुंगाच्या आत, की मंत्रिमंडळाच्या बैठकीत? दर वेळी माणूस तोच आणि जागा वेगळी येते.

न्यायालयाला सुट्टी आहे. संध्याकाळी काका घरी आले, हातात कापडी पिशवी. पाणी प्यायले, पिशवी जमिनीवर मोकळी केली. गेटपास! प्लॅस्टिकचे, पुठ्ठ्याचे, घामानं अक्षरं पुसलेले. ठेकेदाराचं नाव दर काही महिन्यांनी बदललेलं. गेट क्रमांक सगळ्यांवर एकच.

"तुम्ही म्हणाला होता ना, साहेब कागद बघतात," ते म्हणाले.

आम्ही दोघं फरशीवर बसलो आणि तारखेप्रमाणे लावत गेलो. रात्रीचे नऊ वाजले. अकरापैकी दहा वर्षं लागली. चौथ्या वर्षातला पास सापडेना. तो गावाकडच्या ट्रंकेत असेल, रविवारी जाऊन बघतो, असं म्हणून ते गेले. दहा वर्षांचे पास मी रबर लावून टेबलावर ठेवले आहेत.