कॉलम नंबर ४ : मटेरियल

आर्टवर्क पॅकिंग आणि एक्सपोर्टच्या लाइनीत मला नऊ वर्षं झाली, भिवंडीला गोडाऊन आहे आमचं. काचेची, ब्राँझची, निऑनची कामं पाठवलीत, पण सगळ्यात जास्त घाम फोडला तो सहा वारली चित्रांनी.

मेलबर्नच्या एका गॅलरीत ग्रुप शो होता. चार चित्रं शेणाने सारवलेल्या कापडावर, दोन गेरूवर. आमच्या मिस्त्रींनी मस्त क्रेट बनवला, बाहेरून प्लाय, आतून फोम, आणि पट्ट्यांचं लाकूड कीड मरावी म्हणून ५६ डिग्रीवर अर्धा तास तापवलेलं, त्यावर तसं केल्याचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का. तो नसेल तर क्रेट तिकडे अडकलाच म्हणून समजा. बुकिंग दुसऱ्या दिवशी रात्रीचं.

सकाळी मेलबर्नच्या क्लिअरिंग एजंटचा, म्हणजे तिकडे कस्टममधून माल सोडवणाऱ्याचा मेल. पॅकिंग लिस्टमधे मटेरियलच्या कॉलमात मी सरळ लिहिलं होतं, सुती कापड, गाईचं शेण, गेरू, पांढरा अ‍ॅक्रिलिक. प्रश्न असे की शेण नक्की कोणत्या जनावराचं, त्यावर प्रक्रिया काय केलीय, आत गवताचे तुकडे किंवा बी आहे का. ऑस्ट्रेलिया या बाबतीत भयंकर कडक आहे, तिथे बुटाला लागलेली मातीसुद्धा चालत नाही.

सर माझ्यावर उखडले. "शेण लिहायला कोणी सांगितलं होतं? नॅचरल पिगमेंट लिहून मोकळं व्हायचं ना! २०१५ ला ब्रिस्बेनच्या ट्रायेनियलला, त्या तीन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनाला, वारली चित्रं गेली होती, ती कशी गेली?" आता ती कशी गेली ते मला काय माहीत, कशावर काढलेली होती तेही माहीत नाही. पण खोटं डिक्लेरेशन पकडलं गेलं तर कंपनीचं नाव खराब होणार आणि सही तर माझी, म्हणून मी अडून बसलो.

डहाणूला चित्रकार दादांना फोन लावला. ते आधी हसलेच. "गाईचं का बैलाचं विचारतात? गोठ्यात दोघं असतात रे, हिशेब कोण ठेवतो?" मग मी पर्याय सांगितला, तिथे गॅमा किरणांनी जंतू मारून देतात पण चित्रांची जपणूक-दुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या कॉन्झर्व्हेटर मॅडम म्हणाल्या त्याने सुती धागा कमजोर होतो. दादा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "शेणाची ठेव इकडेच. गेरूची जाऊ दे."

मी खूश, आणि तासाभरात पुन्हा मेल. गेरू म्हणजे सॉइल का?

डोक्याला हात लावला. बरं, गेरू मातीच की, खोटं काय त्यात. शेवटी सुचलं ते गॅलरीतल्या बाईंना फोन केल्यावर, मी गेरूचं वर्णन करायला लागलो, लाल दगड, कुटून, चाळून, डिंकात कालवून, तर मधेच त्या म्हणाल्या, "ओह, ओकर!" तिथल्या आदिवासींची सालीवरची चित्रं ओकरचीच असतात, म्हणजे आपला गेरूच. त्यांनी स्वतः एजंटला समजावलं, मी लिस्ट बदलली, मिनरल ओकर, डिंक. एकही शब्द खोटा नाही. शेणाला मात्र असा शब्द काही सापडला नाही.

क्रेट पुन्हा उघडला. सहासाठी बनवलेल्यात दोन कशी पाठवणार, फोम हलणार, म्हणून मिस्त्री शिव्या घालत रात्री दोनपर्यंत जागून छोटा क्रेट ठोकत बसले. दोन्ही चित्रं मेलबर्नला क्लिअर झाली.

पुढच्या आठवड्यात दादा उरलेली चार न्यायला टेम्पो घेऊन आले. चित्रं चादरीत गुंडाळून ठेवली आणि त्या मोठ्या रिकाम्या क्रेटभोवती दोन फेऱ्या मारल्या. प्लाय ठोकून बघितला, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"हे टाकून देणार का तुम्ही? नेतो मग. गोठ्याला दार नाही माझ्या."