तुम्ही विचारलंत म्हणून: जीपीजीची सुरुवात कुठून करायची?

जीपीजी म्हणजे फाइली कुलूपबंद करायचं आणि त्यांवर डिजिटल सही करायचं मोफत सॉफ्टवेअर. "जीपीजी शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणाऱ्याला कमांड नकोच असतात, त्या मॅन्युअलमध्ये आहेत. त्याला 'काही बिघडणार नाही' एवढं ऐकायचं असतं. ते मी म्हणत नाही, म्हणून खडूस ठरतो.

तर एकदाच सांगतो. आधी दुसऱ्याची सही तपासायला शिका. डेबियन या लिनक्स प्रणालीची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवा, सोबतच्या चेकसमच्या (उतरवलेली फाइल बदललेली नाही हे तपासायच्या आकड्यांच्या) फाइलवरची सही पडताळा. 'गुड सिग्नेचर' असं येईल आणि लगेच खाली इशारा, की ही की (सहीमागची डिजिटल किल्ली) त्याच मालकाची आहे याला काही आधार नाही. अर्धा विषय त्या इशाऱ्यात आहे. रिटर्न भरायच्या डीएससीत (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्रात) परवानाधारक संस्था तुमची हमी घेते. इथे ४० अक्षरांचं फिंगरप्रिंट, म्हणजे कीची ओळखखूण, जुळवायचं काम तुमचं.

स्वतःची की त्यानंतर. घाई का नको?

माझ्या एका मित्राने माझ्याकडूनच शिकून घरच्या व्यवहारांची फाइल एन्क्रिप्ट केली होती. तो अचानक गेला. दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी लॅपटॉप पुढे ठेवला. मुलीचं नाव, गाव, जुन्या स्कूटरचा नंबर, सगळं घालून पाहिलं. तीनदा चुकलं की पासफ्रेजची (कीच्या लांब पासवर्डची) खिडकी मिटायची, मी पुन्हा उघडायचो. मग वहिनींनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला. "हा जपून ठेव म्हणाले होते. याने उघडेल ना?" ते रिव्होकेशन सर्टिफिकेट होतं. छापून ठेव, असं मीच त्याला बजावलं होतं. त्याने की रद्द झाल्याचं जगाला कळवता येतं, फाइल उघडत नाही. ते मी कसंबसं सांगितलं. "तुम्हीच शिकवलंत ना, भाऊजी," एवढंच त्या म्हणाल्या.

सॉफ्टवेअरने कबूल केलं तेच केलं. १९९१ साली प्रोग्रामर फिल झिमरमन यांनी पीजीपी, जीपीजीच्या आधीचं तसंच सॉफ्टवेअर, लोकांच्या हाती दिलं, ते सरकारलाही डोकावता येऊ नये म्हणून. त्यात वहिनींसाठी चोरवाट कुठून असणार? हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. त्यांना नाही सांगू शकलो.

मग पासफ्रेज पाकिटात घालून घरी द्यावी? पूर्वीचा मी म्हणतो, मग कुलूप लावलंत कशाला? आताचा म्हणतो, द्या. पण फाइलमध्ये बातमीदाराच्या सूत्रांची नावं असतील तर? तिथे पूर्वीचाच बरोबर वाटतो. आमचं दोघांचं अजून जमलेलं नाही.

की बनवलीत तर मुदत दोन वर्षांची ठेवा, पुढे वाढवता येते. आणि फिंगरप्रिंट मला मेलने पाठवू नका. फोन करून वाचून दाखवा.