साखरेचं पाणी पाजणारी डायटिशियन

माझ्या केबिनच्या दाराला साखरेचं पोस्टर लावलेलं आहे, कोल्ड्रिंकची बाटली आणि तिच्यासमोर साखरेचा ढीग, आणि त्याच पोस्टरखाली मी एका डायबेटिसच्या पेशंटला जवळजवळ दटावून साखरेचं पाणी पाजलं. बाहेर दोन नवीन बायका बसल्या होत्या, त्यांनी हे सगळं पाहूनही नाव नोंदवलं हेच नवल.

शंकरनगर चौकाजवळ आमचं क्लिनिक आहे, खाली फिजिशियन डॉक्टर बसतात आणि वरच्या मजल्यावर मी. डिसेंबरातली गोष्ट, नागपुरात थंडी चांगली पडली होती, रिसेप्शनवरची पोरगी स्वेटरवर शाल घेऊन बसली होती. साडेदहाच्या सुमारास बाहेरून भांडणाचा आवाज यायला लागला. "माझा नंबर पहिला होता, काहून दुसऱ्याले आत सोडलं?" आवाज ओळखीचा होता पण भाषा नाही, कारण हे काका म्हणजे इतवारीत धान्याच्या गद्दीवर आयुष्यभर हिशोब लिहिलेला माणूस, वय साठीला टेकलेलं, आणि आमच्या पोरीला "बेटा"शिवाय हाक मारत नाहीत. ती बिचारी रडकुंडीला आलेली. कोणीतरी हळूच म्हणालं पण, की सकाळी सकाळीच घेऊन आले का काय.

काकांबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑगस्टमध्ये सूनबाई त्यांना घेऊन आली होती. वजन ९४, उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, साडेचौतीसच्या आसपास. आपल्या लोकांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते आणि शुगर, बीपी लवकर मागे लागतात. कंबर ११२ सेंटिमीटर, पुरुषांना ९० च्या आत सांगतो आम्ही. पहिल्या दिवशीचं वाक्य तेच, जे सगळेच म्हणतात, "मॅडम, मी तं काहीच खात नाही."

मी अशा वेळी वाद घालत नाही, कालचा दिवस आठवायला लावते. सकाळी टपरीवर तर्री-पोहे, गद्दीवर पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, दुपारी डबा, संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की आलुबोंडा, रविवारी सावजी. मग घरी तेल किती लागतं विचारलं. सूनबाई म्हणाली १५ किलोचा डबा आणतो, दीड महिना जातो, घरात माणसं पाच. तिथेच कॅल्क्युलेटर काढला, माणशी दिवसाला ६६ ग्रॅम, म्हणजे नुसत्या तेलाच्या ६०० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या गाईडलाईनमध्ये २००० कॅलरीच्या जेवणाला २७ ग्रॅम दिलंय. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण हिशोब हा त्यांचा विषय. म्हणाले, "म्हणजे चाळीस ग्रॅम रोजचा तोटा." मला तिथेच कळलं की हा माणूस करणार.

आणि केलंही. मी पोहे बंद नाही केले, नागपूरच्या माणसाचे पोहे बंद केले की तो दुसऱ्यांदा येत नाही. अर्धी प्लेट पोहे, वरची तर्री नाही, चणे मात्र घ्या, आणि घरून मोड आलेली मटकी. रात्री ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कमी तेलाचं पिठलं, जवसाची चटणी कोरडी. चहा दोन, साखर अर्धा चमचा. चालणं पंधरा मिनिटांपासून सुरू केलं, घर महालात, त्यामुळे गांधीसागरच्या बाजूनं. नोव्हेंबरपर्यंत पाऊण तास झालं, वर आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला हात टेकून जोर, नाहीतर वजनाबरोबर मांसही उतरतं आणि साठीनंतर ते परत चढवणं फार जड जातं. एक लाल रंगाची वही घेतली होती त्यांनी, खतावणीसारखी, त्यात सगळं लिहायचे. जमेच्या बाजूला चालणं, खर्चाच्या बाजूला खाणं. तांत्रिकदृष्ट्या उलटं आहे, पण मी काही बोलले नाही.

दिवाळीच्या पाहुणचारातही वजन उतरत राहिलं. असे पेशंट वर्षातून दोन-तीनच मिळतात हो.

तर त्या दिवशी मी बाहेर आले. काका उभे, एक हात काउंटरवर, आणि कपाळावरून घाम. मफलर ओला. बाहेर लोक शाली गुंडाळून बसलेत आणि या माणसाची कानशिलं थपथपलीत. मी म्हटलं काका बसा आधी. "मले काई नाई झालं, वजन करा माझं." जीभ जड होती थोडी. हात धरला तर गार आणि ओला. मी पोरीला ग्लुकोमीटर आणायला सांगितलं, बोटाला टोचलं, ४६.

सत्तरच्या खाली गेलं की शुगर कमी म्हणायचं, चोपन्नच्या खाली गंभीर. मेंदूला साखरच लागते आणि ती कमी पडली की माणूस चिडतो, बरळतो, दारू प्यायल्यासारखा वागतो. अशा लोकांना रस्त्यावर बेवडा समजून सोडून देतात आणि पुढे फिट येते नाहीतर माणूस बेशुद्ध पडतो, त्यामुळे ते "घेऊन आले" म्हणणाऱ्या भाऊंकडे मी जरा जास्तच रागाने पाहिलं असेन.

आमची पोरगी हुशार, तिनं काकांची पिशवी उघडली. त्यात संत्रा बर्फीचा डबा होता, आठ किलोच्या वर वजन उतरलं म्हणून स्टाफसाठी आणलेला. ती एक तुकडा त्यांच्या तोंडापाशी नेतच होती. मी ओरडले, बर्फी नको! गोड असली तरी त्यात खवा आहे, फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अशा वेळी साधी साखर, ग्लुकोज पावडर, फळाचा रस, जे लगेच चढेल ते. आणि हे पण माणूस शुद्धीवर असून नीट गिळत असेल तरच, बेशुद्धाच्या तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. चहाच्या डब्यातली साखर काढली, चार छोटे चमचे, साधारण १५ ग्रॅम, अर्धा ग्लास पाणी.

आता खरी गंमत. काका पिईनात! तोंड फिरवून बसले. "तुमीच तं म्हणल्या साखर बंद. चार महिने मेहनत केली मी. वजन वाढलं मंग?" मी समजावते, पोरगी समजावते, बाहेरच्या त्या दोन बायका उठून उभ्या. शेवटी मी म्हटलं काका, वहीत औषध म्हणून लिहा, खाण्यात धरू नका. त्यावर विचार केला त्यांनी दोन सेकंद, त्या अवस्थेत पण, आणि मग प्याले.

पंधरा मिनिटांनी परत टोचलं, ७४. चेहऱ्यावर रंग आला, मफलर काढला, पोरीकडे बघून म्हणाले, "बेटा, मी काई बोललो काय तुले?" तिला परत रडू आलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वजन कमी दिसावं म्हणून नाश्ता न करता आलेले. हे फार जण करतात, बूट काढतील, पट्टा काढतील, किल्ल्या काढतील, एक ताई तर बांगड्या उतरवतात. पण काकांनी नाश्ता चुकवला तरी नाश्त्याआधीची गोळी मात्र सवयीनं घेतली. वरून मेट्रोनं येताना शंकरनगरचं तिकीट असून सीताबर्डीलाच उतरले आणि उरलेलं पायी, तेवढंच चालणं होते म्हणून.

गोळी होती ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र. मेटफॉर्मिन एकट्यानं सहसा शुगर इतकी पाडत नाही. ग्लिमेपिराइड वेगळी, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवला असा की नसा, तिला काही घेणंदेणं नाही. ९४ किलोच्या, दिवसाला दहा चमचे साखर चहातून घेणाऱ्या माणसासाठी ठरलेला डोस साडेपंच्याऐंशी किलोच्या, रोज पाऊण तास चालणाऱ्या माणसाच्या पोटात जात होता. ऑगस्टमध्ये पहिल्या भेटीच्या चिठ्ठीवर मी ठळक लिहून दिलं होतं की वजन उतरायला लागलं की डॉक्टरांना दाखवा, गोळ्या बदलाव्या लागतील. ती चिठ्ठी लाल वहीत जपून चिकटवलेली निघाली. डॉक्टरकडे मात्र मे महिन्यानंतर गेलेलेच नव्हते, जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्यांचा पत्ता घ्यायचा, झालं. मी विचारलं काहून नाही गेले, तर म्हणाले तब्येत मस्त होती, मस्त असल्यावर डॉक्टरकडे कोण जाते?

आणखी एक, बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू होती. तिच्यामुळे छातीत धडधड, हातांची थरथर या खुणा दबतात, घाम तेवढा दबत नाही. म्हणून काकांना स्वतःला काही जाणवलंच नाही. जानेवारीच्या थंडीत असो की मेच्या पंचेचाळीस डिग्रीत, अशा गोळ्या घेणाऱ्याला अचानक घाम फुटला तर मी आधी बोट टोचते, गप्पा नंतर. उन्हाळ्यात नागपुरात तर हे ओळखणंच कठीण, सगळेच घामाघूम.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरतात ना, वजन कमी करून डायबेटिस गेला म्हणून. खोटं नाही ते, २०१७ साली ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा अभ्यास छापून आला, त्यात वर्षभरानंतर ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. पण त्या लोकांच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या आहार सुरू केला त्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या आणि मग लक्ष ठेवलं होतं, हे व्हिडिओवाला सांगत नाही. म्हणून आता कोणी मनानं गोळ्या बंद करू नका, ते दुसऱ्या टोकाला जाणं झालं, डॉक्टरलाच ठरवू द्या.

काकांना लगेच सोडलं नाही. ही गोळी अंगात बराच वेळ राहते, शुगर परत खाली येऊ शकते. डब्यातली माझी भाकरी आणि वरण दिलं, खालच्या डॉक्टरांनी वर येऊन तपासलं, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, ग्लिमेपिराइड बंद, नुसती मेटफॉर्मिन ठेवली, रोज दोनदा शुगर लिहून ठेवायची आणि आठवड्यानं दाखवायचं. दुपारी सूनबाई आली, "मामाजी, तुम्ही नाश्ता केला म्हणून सांगितलं होतं मला," एवढंच म्हणाली पण असं म्हणाली की काका वही उघडून बसले. बर्फी आम्ही सगळ्यांनी खाल्ली, मी पण, एक तुकडा. ठेवून काय करायचं होतं.

जानेवारीत परत आले. सकाळची शुगर ११० ते १२५ च्या मध्ये, एकाही दिवशी सत्तरच्या खाली नाही. खिशात ग्लुकोज पावडरची पुडी, रिसेप्शनवरच्या पोरीसाठी बोरं. काट्यावर उभे राहिले तर वजन ४०० ग्रॅम जास्त. मी काही विचारायच्या आत स्वतःच सुरू झाले, "मॅडम, हे लिहू नका. मी आज पोहे खाऊन आलो, बूट बी पायात आहे, आन् परवा भाच्याच्या वावरात हुरडा होता." मी म्हटलं बूट तरी काढा. नाही म्हणाले, आता असंच करत जाऊ.