येझदीच्या वायरिंगसाठी तांब्याचा शोध

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली सोळा वर्षे ताडपत्रीत पडून असलेली वडिलांची येझदी अडीचशे मोटरसायकल मी दिवाळीनंतर बाहेर काढली, तेव्हा मला धास्ती होती ती इंजिनाची. इंजिन तीन रविवारांत सुरू झाले. वायरिंगने मात्र पुढचा पावसाळा गाठला, आणि त्यातला बहुतेक वेळ हाताने काम करण्यात नव्हे, तर योग्य सामान शोधण्यात गेला.

जुना हार्नेस, म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा, दुरुस्त करता येईल, अशी माझी सुरुवातीची समजूत होती. उंदरांनी दोन-तीन ठिकाणी आवरण कुरतडले होते, तेवढे तुकडे बदलले की झाले, असे वाटत होते. पण आवरण सोलत मागे मागे गेलो तरी आत लखलखीत तांबे सापडेना. खाडीकडच्या दमट हवेने टोकांवर हिरवे जंगाल चढवले होते आणि त्याच्या मागे वीतभर अंतरापर्यंत तारा काळ्या पडल्या होत्या. काळ्या पडलेल्या तांब्यावर कथिलाचा डाग धरत नाही आणि टोकाला दाबून बसवलेले टर्मिनल, म्हणजे जोडणीची धातूची क्लिप, हीही नीट संपर्क करत नाही, त्यामुळे अशा वायरीला नवा तुकडा जोडणे म्हणजे बिघाडाची जागा फक्त पुढे ढकलणे होय.

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या विकल्या आणि १९९६ साली कारखाना बंद झाला. मूळ हार्नेस आज कोठे मिळालाच, तरी त्याचे आवरणही तितकेच म्हातारे झालेले असणार. म्हणून मी सर्वांत सोपा मार्ग धरला आणि एका दुकानातून तयार वायरिंगचा सेट आणला. रंग छान होते, वायरी एकमेकींना जोडणारे कपलर चकचकीत होते आणि सगळ्या वायरी आपापल्या जागी पोहोचतही होत्या. रात्री हेडलाइट लावला तेव्हा मात्र समईसारखा पिवळा उजेड पडला. बॅटरी नवी होती, बल्ब नवा होता, डायनॅमोही ठीक होता. शेवटी हेडलाइटची वायर कापून पाहिली, तर आत ०.१५ मिलिमीटर व्यासाच्या चौदा तारा निघाल्या. म्हणजे जेमतेम पाव चौरस मिलिमीटर तांबे. जुन्या हार्नेसमधल्या त्याच वायरीत मी मोजलेले तांबे सुमारे दीड चौरस मिलिमीटर होते.

सहा व्होल्टच्या गाडीत हा फरक किती भोवतो, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. ३५ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर सुमारे २.९ अँपिअर प्रवाह ओढतो, तर सहा व्होल्टवर ५.८ अँपिअर. प्रवाह दुप्पट म्हणून वायरीत वाया जाणारे व्होल्टही दुप्पट, आणि मुळात व्होल्ट निम्मेच असल्याने टक्केवारीत ते नुकसान चौपट होते. दीड मीटर लांबीच्या त्या पाव चौरस मिलिमीटर वायरीत माझे सुमारे ०.६ व्होल्ट जात होते, म्हणजे दहा टक्के. बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले की त्याचा उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, तर सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. बारा व्होल्टच्या गाडीत खपून गेली असती अशी वायर येथे गाडीला आंधळी करून टाकते. तेव्हापासून मी वायर घेताना आधी जाडी, मग आवरण आणि सर्वांत शेवटी रंग हा क्रम ठेवला आहे. आपण सगळेच सहसा याच्या नेमके उलट करतो, कारण दुकानाच्या फळीवर रंग दिसतो आणि जाडी दिसत नाही.

जाडी मागायची म्हटली तरी ती दुकानाच्या भाषेत मागावी लागते. ठाण्यातल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांत अजून ‘चौदा-छत्तीस’, ‘तेवीस-छत्तीस’, ‘चाळीस-छत्तीस’ असेच बोलतात. पहिला आकडा तारांच्या संख्येचा आणि दुसरा त्या तारेच्या गेजचा, म्हणजे जाडीच्या क्रमांकाचा. छत्तीस गेजची तार सुमारे ०.१९ मिलिमीटरची असते. म्हणजे चौदा-छत्तीसमध्ये ०.४, तेवीस-छत्तीसमध्ये ०.६७ आणि चाळीस-छत्तीसमध्ये सुमारे १.१७ चौरस मिलिमीटर तांबे भरते. अडतीस गेजची तार त्याहून बारीक असते. माझ्या तयार सेटात चौदा-अडतीस होती. नव्या पद्धतीत हेच मोजमाप १४/०.३० म्हणजे एक चौरस मिलिमीटर, २२/०.३० म्हणजे दीड आणि २८/०.३० म्हणजे दोन असे लिहितात. ‘जाडी वायर द्या’ असे मोघम सांगितले, तर दुकानदार जाड आवरणाची वायर काढून देतो आणि त्यात त्याची काही चूक नसते.

एका शनिवारी लोकलने सीएसएमटीला उतरून लोहार चाळीत गेलो. विजेच्या सामानात तेथे मिळत नाही असे थोडेच असेल, परंतु तेथे भरपूर मिळते ती घरगुती वायरिंगची वायर, ९० मीटरच्या गुंडाळ्यांत. तिचे तांबे चांगले असते, भाव परवडतो आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर कोणत्याही दुकानात हाताशी असते. मोह खरोखरच मोठा होता. पण घरच्या वायरीचे साधे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी धरलेले असते, आणि सिलिंडरच्या शेजारून जाणाऱ्या वायरीला ते पुरत नाही. शिवाय पेट्रोल आणि तेल लागत राहिले की पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य निघून जाते आणि आवरण वाळक्या काडीसारखे कडक होते. घरगुती वायर आयएस ६९४ या मानकाची आणि वाहनांची वायर आयएस २४६५ची. गुंडाळीवरचे लेबल वाचून घ्यावे. दुकानदाराला घाई असली तरी आपण घाई करू नये.

लेबल नसलेल्या सुट्या वायरीची परीक्षा मी वजनाने करू लागलो, ती अशी. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तारेचे घनफळ बरोबर एक घन सेंटिमीटर भरते आणि तेवढ्या तांब्याचे वजन जवळपास नऊ ग्रॅम असते. २२/०.३०च्या एक मीटर वायरीचे आवरण सोलून उरलेले तांबे चौदा ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांच्या काट्यावर मी पाच नमुने तोलून घेतले. पहिल्या दिवशी काकांना वाटले, मी मोड विकायला आलो आहे. पाचांतल्या एका नमुन्याचे वजन सव्वापाच ग्रॅम भरले. रंग तांब्याचाच होता. ब्लेडने खरवडल्यावर आत चांदीसारखी पांढरी तार दिसली. तांब्याचा पातळ मुलामा दिलेले ॲल्युमिनियम होते ते, शुद्ध तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांश विद्युतवाहकता असलेले. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. कथिल चढवलेले अस्सल तांबेही बाहेरून पांढरे दिसते, पण खरवडल्यावर ते आतून लाल निघते आणि काट्यावर पुरेपूर भरते.

रंगांचे प्रकरण मात्र वजनकाट्याने सुटत नाही. पट्टीच्या वायरी, म्हणजे एका रंगावर दुसऱ्या रंगाची रेघ असलेल्या, सुट्या मीटरने कोणी कापून देत नाही. वागळे इस्टेटमध्ये चौकशी केली तेव्हा एका रंगाची अख्खी गुंडाळी घ्या, असे उत्तर मिळाले. मला हव्या होत्या नऊ रंगांच्या वायरी, प्रत्येकी फार तर तीन मीटर. अखेर ट्रान्स-हार्बर लोकलने रबाळ्याला उतरून तेथल्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात पोहोचलो, जेथे रिक्षा आणि टेम्पोंचे हार्नेस बनतात. तेथल्या सुपरवायझर ताईंनी माझ्या हातातला जुना हार्नेस उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “दादा, रिळांची उरलेली टोकं आम्ही भंगारात देतो. त्या पेटीत बघा, तुमचं नशीब.” त्या पेटीत दोन तास गेले आणि सात रंग मिळाले. त्यांनी वजनावर पैसे घेतले, तेही भंगाराच्या भावाने नव्हे, वायरीच्या भावाने, आणि ते योग्यच होते.

उरलेल्या दोन रंगांसाठी मी अडून बसलो नाही, कारण जावाच्या घराण्यातल्या गाड्यांत रंगांपेक्षा आकडे विश्वासाचे आहेत. जुन्या चेक आराखड्यावरून आलेल्या स्विचवर जर्मन पद्धतीचे क्रमांक असतात: ३० म्हणजे बॅटरीचे धन अग्र, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर मिळणारा पुरवठा, ३१ म्हणजे बॉडी अर्थ, ५६ हेडलाइटचा, ५८ मागच्या दिव्याचा आणि ६१ चार्जिंगच्या दिव्याचा. म्हणून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मी आकडे छापलेल्या पिवळ्या नळकांड्या, म्हणजे फेरूल, ओवले, जे कंट्रोल पॅनेलचे वायरमन वापरतात आणि लोहार चाळीत सहज मिळतात. बुलेटवाल्या मित्रांना ही सूट नाही. लुकासच्या ब्रिटिश पद्धतीत निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) आणि निळ्यावर लाल रेघ म्हणजे डिपर (खालचा झोत), हेच सगळे जग वाचते, आणि तेथे मनाचा रंग घातला तर पुढचा मेकॅनिक शिव्या देतो. यामाहाच्या पद्धतीत काळी वायर अर्थची आणि तपकिरी किल्लीनंतरच्या पुरवठ्याची असते. आरएक्स हंड्रेडवाल्यांनी ते ध्यानात ठेवून सामान घ्यावे.

टर्मिनलसाठी खिशात एक लोहचुंबक ठेवला की पुरते. चुंबकाला चिकटले की ते लोखंड, वर कितीही चकाकी असो; पितळ चिकटत नाही. पहिल्याच पावसात गंजणारे टर्मिनल दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या टोकाला लावणे म्हणजे पैठणीला सुतळीचे काठ लावण्यासारखे आहे. रबाळ्याच्या त्याच कारखान्यात मला ६.३ मिलिमीटरची पितळी टर्मिनले पट्टीवर माळेसारखी जोडलेली मिळाली. ती यंत्रासाठी असली तरी कात्रीने सुटी करून हातपकडीने दाबता येतात. पकड मात्र उघड्या पाकळ्या आत वळवून तारांत रुतवणारी हवी. निळ्या-लाल प्लास्टिकचे आवरण असलेल्या थिंबलांसाठी, म्हणजे तयार टोकांसाठी, मिळणारी पकड येथे निरुपयोगी ठरते. दाबल्यावर वरून डाग द्यावा की नाही, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. मी देत नाही. वितळलेले कथिल तारांमधून वर चढते, तेथे वायर ताठर बनते आणि टू-स्ट्रोकच्या थरथरीने नेमकी त्या ताठरपणाच्या काठावर तुटते.

बाहेरच्या नळीसाठी फारसे फिरावे लागले नाही. काळी पीव्हीसी स्लीव्ह मीटरवर मिळते. ती कोमट पाण्यात मऊ करून, पुसून, आत टाल्कम पावडर फुंकली की सहा वायरींचा जुडगा विनातक्रार सरकतो. सायलेन्सरजवळच्या वीतभर भागासाठी कळव्यातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्या मामांकडून वार्निश चढवलेली फायबर ग्लासची स्लीव्ह घेतली. फांद्या फुटतात तेथे गोंद नसलेली टेप गुंडाळली, कारण गोंदाची टेप दोन उन्हाळ्यांत चिकट काकवी होते.

सगळे बसवून झाल्यावर दिवा लावून मीटर धरला. बॅटरीवर ६.२ व्होल्ट, हेडलाइटच्या सॉकेटवर ५.८. गेलेल्या ०.४ पैकी वायरीचा वाटा जेमतेम ०.१ निघाला आणि ०.२ एकट्या डिपर स्विचमध्ये जात होते, ज्याच्या आतली तांब्याची पत्री झिजून कागदासारखी झाली आहे. तशी पत्री सुटी मिळत नाही. आता फॉस्फर ब्रॉन्झचा ०.३ मिलिमीटरचा पत्रा कोणी हातभर तुकड्यात देईल का, हे विचारत पुन्हा वागळे इस्टेटच्या फेऱ्या सुरू आहेत.