तुम्ही विचारलंत म्हणून : चेंबर मूळ मापाचे की ‘इम्प्रूव्हड’?

माझी सगळी नोकरी देवळाली कॅम्पात लष्करी शस्त्रांच्या दुरुस्तीत गेली. नाशिकची जी मुले अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक होऊन लांब पल्ल्याच्या नेमबाजीला लागली, ती रायफलला नवी बॅरल बसवायची वेळ आली की मला हमखास विचारतात : चेंबर, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती पोकळी, मूळ मापाचे ठेवावे, की ‘इम्प्रूव्हड’ करून घ्यावे? माझे उत्तर ठरलेले आहे. काडतूस अलीकडच्या घडणीचे असेल, तर मूळ मापाला हात लावू नये.

‘इम्प्रूव्हड’ म्हणजे काय, ते आधी पाहू. पी. ओ. ॲक्ली या अमेरिकन बंदूक कारागिराने रूढ केलेल्या पद्धतीत पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाच्या, अंगाचा निमुळतेपणा कमी करतात आणि खांदा, म्हणजे अंग अरुंद होऊन मानेला मिळते तो उतार, बहुधा ४० अंशांपर्यंत उभा करतात, त्यामुळे आत दारूला थोडी अधिक जागा मिळते. .३०-०६ या जुन्या काडतुसाचा खांदा साडेसतरा अंशांचा आणि अंग निमुळते, म्हणून तिथे या बदलाला वाव आहे. याउलट हॉर्नडी या अमेरिकन कंपनीने २००७ साली आणलेल्या ६.५ क्रीडमूर काडतुसाचा खांदा मुळातच ३० अंशांचा आणि अंग जवळजवळ सरळ. त्यात आणखी सुधारायला फारसे उरलेलेच नाही.

शिवाय जागा वाढली त्या प्रमाणात वेग वाढत नाही. दाब तोच ठेवला, तर जागेत चार टक्के वाढ झाल्यावर वेग जेमतेम एक टक्क्याने वाढतो, म्हणजे सेकंदाला २८०० फुटांवर सुमारे २८ फूट. यापेक्षा मोठे आकडे सांगितले जातात तेव्हा ते बहुतेक वेळा वाढवलेल्या दाबाचे असतात. अगदी ५० फूट मिळाले असे धरले, तरी १००० यार्डांवर, ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात सुमारे पाच फूट वाहून जाणाऱ्या गोळीचे त्यामुळे दोन-एक इंच वाचतील. आणि वाऱ्याचा अंदाज एका मैलाने चुकला, तर सहा इंच जातील. म्हणून वेगासाठी खर्च करण्यापेक्षा वारा वाचायला शिका, असे मी या मुलांना कळकळीने सांगतो.

उभ्या खांद्याचा खरा फायदा वेगळाच आहे : पुंगळी लांबीला कमी वाढते, त्यामुळे तिचे तोंड वारंवार छाटावे लागत नाही. मात्र तो पदरात पडण्यासाठी चेंबर अचूक कापलेले हवे. मूळ काडतूस नव्या चेंबरमध्ये उडवून पुंगळी फुलवायची असते, आणि त्या वेळी ती मान व खांद्याच्या सांध्यावर घट्ट धरली जावी म्हणून हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये पुंगळीला बुडापासून खांद्यापर्यंत मिळणारी लांबी, मूळ किमान मापापेक्षा सुमारे ०.००४ इंच आखूड ठेवतात. एका भाच्याने व्हिडिओ कॉलवर मला अशी फुलवलेली पुंगळी दाखवली होती. बुडापासून किंचित वर पितळेवर एक चकचकीत कडे उमटले होते, आणि टोक वाकवलेली तार आतून वर-खाली सरकवली की ती नेमकी त्याच जागी अडकत होती. चेंबर सैल कापले गेले होते आणि पितळ तिथे आतून ताणून पातळ झाले होते. अशी पुंगळी पुन्हा भरली तर बुडापासून तुटते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. त्या पुंगळ्या मी त्याला तिथल्या तिथे टाकून द्यायला लावल्या.

फुलवण्यात उडालेल्या गोळ्यांनीही बॅरल झिजतेच, आणि उभ्या खांद्याची काडतुसे मॅगझिनमधून तितकी सहज सरकत नाहीत.

इथल्या वाचकांसाठी एवढेच, की शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय शस्त्रात फेरफार करता येत नाही आणि काडतुसेही तयार करता येत नाहीत.

एक अपवाद मी मनापासून मानतो, तो .२८० ॲक्ली इम्प्रूव्हडचा. नॉस्लर या अमेरिकन कंपनीने ते ‘सामी’ या अमेरिकन संस्थेकडून प्रमाणित करून घेतल्यापासून त्याची तयार काडतुसे आणि पुंगळ्या मिळतात, त्यामुळे फुलवण्याचा खटाटोप उरत नाही. ज्याला ७ मिलिमीटरची गोळी हवी आहे, त्याने ते खुशाल घ्यावे. फक्त रीमर, म्हणजे चेंबर कापायचे हत्यार, त्या प्रमाणित मापाचाच आहे ना, हे बॅरल कापायच्या आधी कारागिराकडून लेखी घ्यावे.