कारखान्यातले प्रशिक्षण आणि माझी पीएच.डी.

पुण्यातील एका महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवत असताना मी कामगार प्रशिक्षणाच्या मूल्यमापनावर पीएच.डी. करायचे ठरवले. २०१६ च्या यूजीसी नियमांनुसार कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती अहवाल, परिषदांमधील दोन सादरीकरणे आणि एक शोधनिबंध ही वाट ठरलेलीच होती. ती कंटाळवाणी असली तरी अवघड नव्हती. अवघड होते ते कारखान्याच्या गेटच्या आत जाणे.

चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना मी पत्रे लिहिली, पण बहुतेकांनी उत्तरही दिले नाही. माझी मागणीच त्यांना अडचणीची होती. प्रशिक्षण संपताच भरून घेतलेले अभिप्राय-अर्ज कोणीही दाखवायला तयार होता. मला मात्र तीन महिन्यांनंतर त्याच कामगाराला उत्पादनाच्या लाईनवर काम करताना पाहायचे होते. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या चौकटीत प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम असे चार स्तर आहेत, आणि आपल्याकडचे बरेचसे मूल्यमापन पहिल्या स्तरावरच, म्हणजे चहा-बिस्किटांसकट सगळे छान झाले या शेऱ्यावरच, थांबते.

शेवटी एका कंपनीने नाव न छापण्याच्या अटीवर परवानगी दिली. तिथे लाईनच्या टोकाला स्किल मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणाला कोणते काम कितपत येते हे दाखवणाऱ्या तक्त्याचा, फलक होता. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे वर्तुळे, आणि वर्तुळाचे चार भाग : माहिती आहे, देखरेखीखाली करतो, स्वतंत्रपणे करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. ग्राहकाचे ऑडिट जवळ आले की ही वर्तुळे भराभर काळी होत. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळण्याचा पाना) वापरण्याचे आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळण्याचे प्रशिक्षण घेतलेली मुले मी पुढे शोधू लागले, तेव्हा त्यातली बरीच जण पॅकिंगवर किंवा दुसऱ्याच स्टेशनवर सापडली. शिकलेले ती विसरली नव्हती, त्यांना ते वापरायची जागाच मिळाली नव्हती. एक सुपरवायझर म्हणाले, ‘‘मॅडम, सकाळी चार जण गैरहजर असले की मी मॅट्रिक्स बघू की लाईन चालू करू?’’ माझ्या प्रबंधाचे मुख्य प्रकरण या प्रश्नाभोवतीच उभे राहिले. प्रशिक्षण वाया जाण्याचा दोष आपण सहसा शिकवणाऱ्यावर किंवा शिकणाऱ्यावर टाकतो, पण माझ्या निरीक्षणात तो शिफ्टच्या नेमणुकीत होता, आणि त्या नेमणुकीवर प्रशिक्षण विभागाचा काहीच अधिकार नव्हता.

मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी नेमके विचारले की मी चौथ्या स्तरापर्यंत, म्हणजे उत्पादनावरील परिणामापर्यंत, का गेले नाही. रिजेक्शनचे, म्हणजे सदोष म्हणून बाद होणाऱ्या मालाचे, प्रमाण कच्चा माल, यंत्राची देखभाल आणि ऑर्डरची घाई यांमुळेही बदलते, त्यामुळे त्यातला प्रशिक्षणाचा वाटा वेगळा काढता येईल असा दावा माझ्या आधारसामग्रीवरून करता येत नाही, असे मी सांगितले. हे उत्तर मर्यादांच्या प्रकरणात सविस्तर लिहा, असे सुचवून त्यांनी पदवीची शिफारस केली.

आता एखादी कंपनी प्रशिक्षणासाठी बोलावते तेव्हा मी दोन गोष्टी लेखी मागते : प्रशिक्षणार्थींची पुढच्या तीन महिन्यांची नेमणूक आणि त्यानंतर लाईनवर येण्याची परवानगी. पहिल्या अटीवर बोलणी होतात, दुसरीवर बहुधा फिसकटतात.